परबकाकांनी केबल उपटली

अरे, मुलुंडच्या परबकाकांचं सांगितलं की नाही तुम्हाला? त्यांच्या वर्कशॉपसाठी मी एक प्रोग्राम बनवला होता. मशीनची माहिती चित्रांसकट एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबसाइटची पानं लिहितात त्याच भाषेत, लिहायची आणि प्रोग्रामच्याच विंडोत दाखवायची. काकांची अट एकच, नेट लागता कामा नये, कारण नेट आलं की कारागीर व्हिडिओ बघत बसतात.

त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डेमो दिला. पहिलं पान उघडलं आणि काका भडकले. "रंगीत अक्षरां, निळ्या लिंका. ही वेबसाइट आसा. माका येडो समजतंस?"

"काका, याला नेट लागतच नाही."

"बघूया," म्हणत काकांनी वाकून नेटची केबलच उपटली.

मी म्हटलं, "आता पुढचं पान उघडा." त्यांनी क्लिक केलं. पान उघडलं, चित्रासकट. मग आणखी एक उघडलं. काका केबल हातात धरून बघतच राहिले.

मग त्यांनी भांडुपच्या भावाला फोन लावला. "रे, माझ्याकडे नेटाशिवाय वेबसाइट चलता. तुझ्याकडे आसा काय?"

ही वेबसाइट नाही, हे मी सांगणारच होतो. तेवढ्यात काका फोनवर हात ठेवून म्हणाले, "त्याका पण व्हयी. कधी देतंस?"

मी म्हटलं, "वेबसाइट ना? सोमवारी देतो."