दंतवैद्याची कोंबडी

...आणि मुख्य म्हणजे ती प्लंबरच्या पाठीवर जाऊन बसली. प्लंबरच्या! तुम्हाला सांगतो, तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरी आलेला, परसातल्या नळाखाली पालथा पडून, तोंडात पाना धरून काम करतोय, आणि ही बया टुकूटुकू चालत गेली, त्याच्या पाठीवर चढली, एकदा पिसं फुलवली आणि डोळे मिटून बसली. जशी काही ती पाठ तिच्याच नावावर आहे. आणि मी? मी रोज सकाळी हिला दाणे घालतो, हिचं पाणी बदलतो, हिचं खुराडं झाडतो, हो, मी, या हातांनी, ज्या हातांनी तुमच्या दाढा भरतो त्याच हातांनी, आणि मी नुसतं परसाचं दार उघडून दोन शब्द बोललो की ही तुरुतुरु पलीकडच्या भिंतीला. आता मला सांगा, मी या कोंबडीचं काय घोडं मारलंय?

नाही, बसा, बसा, उठू नका. आतलं मशीन बंद पडलंय, मेकॅनिक ते सगळं उघडून बसलाय, आमची सूनबाई त्याला बॅटरी धरून उभी आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाच्याच दाताला एवढ्यात हात लागत नाही. तोवर ऐका. गालावर हात ठेवून ऐकलंत तरी चालेल, मला सवय आहे.

तर तुम्ही म्हणाल, डॉक्टर, या वयात कोंबड्या पाळायच्या कुणी सांगितल्या होत्या? कुणी नाही हो. माझं मलाच वाटलं. त्याचं काय आहे, माझ्याकडे आजवर एकही माणूस आनंदानं आलेला नाही. हसू नका, तुम्हीच बघा की स्वतःकडे, ते कोपऱ्यातले गृहस्थ तर मघापासून दाराकडे तोंड करून बसलेत. कुठल्या समारंभाला गेलो आणि मी जरा हसून बघितलं, की समोरची माणसं ओठ मिटून हसतात. माझी सख्खी नात व्हिडिओ कॉलवर माझ्याशी तोंडावर हात धरून बोलते, आता फोनवरून मी काय तिचे दात मोजणार आहे? तर वाटायचं, एक तरी जीव असा असावा जो आपण होऊन आपल्याकडे येईल. आपण बोलावलं नाही, धरलं नाही, आणि आला. बस. एवढंच पाहिजे होतं मला.

आणि नेमका तेव्हाच मी आमच्या एका पशुवैद्य मित्राकडे गेलो. त्याच्या परसात या कोंबड्या. तुम्ही अशी कोंबडी बघितली नसेल. अंग एवढंसं, ओंजळीत मावेल असं, आणि त्याला पाय हे असे लांबलचक, काटकुळे, मान ताठ, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, शिंप्यानं मापं घेऊन शिवल्यासारखी. मी म्हटलं, हे काय रे, कोंबडीच्या अंगाला बगळ्याचे पाय कुणी लावले? आमचा मित्र म्हणजे महिन्याला मोजून शब्द खर्च करणारा माणूस. म्हणाला, "झुंजीची जात. बुटकी. आता फक्त शोभेची." म्हटलं, झुंजीची म्हणजे मारकुटी असेल. "छे. फार माणसाळलेली. मांडीवर येऊन बसते." म्हटलं, चावते का? तर म्हणाला, "अरे, कोंबडीला दात नसतात."

तुम्हाला सांगतो, माझा निर्णय तिथेच झाला. दात नाहीत! म्हणजे विचार करा, या अख्ख्या पृथ्वीवर मला घाबरायचं ज्याला काही म्हणजे काही कारण नाही, असा हा प्राणी. मी लगेच दोन कोंबड्या आणि एक कोंबडा उचलला आणि घरी घेऊन आलो. बायको दारातच म्हणाली, "आणल्यात तर ठेवा, पण झाडायचं तुम्ही." ती एकूण कमीच बोलते. त्यातली जी मोठी ना, ती मान वर करून, पंख मागे बांधून, एकेक पाऊल उचलून अशी चालते की जणू वर्गात कुणी कॉपी करतंय का ते बघतेय. म्हणून तिचं नाव मास्तरीण. ही मांडीवर बसणार, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. तिला विचारलं नव्हतं, ते सोडा.

आता पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक गोष्ट झाली, नाही म्हणत नाही. मी तिला पिंजऱ्यातून उचललं, उजेडाकडे धरलं, अंगठ्यानं चोच उघडली आणि म्हटलं, "आ करा." सवय हो, दुसरं काय! समोर तोंड आलं की माझा अंगठा आपोआप जातो. आत बघतो तर खरंच काही नाही. गुळगुळीत. एवढीशी टोकदार जीभ. मग मी खुळ्यासारखा विचार करत राहिलो, की ही मक्याचा कडक दाणा खाते तरी कशी? मित्राला फोन केला. तर म्हणे, ती बारीक खडे गिळते, पोटात एक जाड पिशवी असते, तिच्यात ते खडे आणि दाणे एकमेकांवर घासतात आणि पीठ होतं. ऐकलंत? दात पोटात! झिजले की नवे गिळायचे. कीड नाही, ठणका नाही, माझ्यासारख्याची गरजच नाही. मी दोन दिवस पेशंटना दुसरं काही सांगितलंच नाही. एका बाईंचा साचा घ्यायचा होता तोंडाचा, त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, त्याही काही बोलल्या नाहीत, तोंडात साचा होता.

तर सगळं छान. फक्त मास्तरीण माझ्याजवळ येईना. मी म्हटलं, चोच उघडल्याचा राग असेल, जाईल. मी रीतसर माफी मागितली. खुराड्याजवळ उभं राहून तिला म्हटलं, बाई, चूक झाली, यात माझा धंदा दोषी आहे, मी नाही, आणि धंद्याचं असं आहे की... एवढं म्हणेपर्यंत ती पेरूच्या झाडामागे. आणि बाकीच्यांचं काय सांगू? आमचे शेजारी, निवृत्त ग्रंथपाल, कोंबडा आरवतो म्हणून तक्रार करायला आले. फार हळू आवाजात तक्रार केली, इतक्या हळू की मला ऐकूच आली नाही, मी आपला त्यांना पोटातल्या खड्यांचं सांगत बसलो. ते परसातल्या बाकावर टेकले आणि मास्तरीण थेट त्यांच्या मांडीवर. गृहस्थ विरघळले. आता रोज पुस्तक घेऊन येतात, पानं उलटतात, आणि ही त्यांच्या मांडीवर डुलक्या काढते. दाणे माझे, बाक माझा, कोंबडी माझी, आणि मांडी त्यांची! मी या कोंबडीचं काय घोडं मारलंय?

आता माझा स्वभाव असा आहे, की मला कारण कळलं पाहिजे. दात दुखतो म्हणजे का दुखतो, ते शोधेपर्यंत मी सोडत नाही, तुम्हाला अनुभव आहे. मी म्हटलं, हा पांढरा डगला असेल. पांढरं काहीतरी अंगावर येतंय म्हणून घाबरत असेल. म्हणून मेव्हण्याचा जुना चौकड्यांचा शर्ट घातला, तिच्यापुढे उभा राहिलो, म्हटलं, बघ, डगला काढला, आता मी डॉक्टर नाही, साधा माणूस आहे, हा शर्ट कुणाचा आहे ते सांगतो... गेली. मग वाटलं, वास. आमच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास असतो, तुम्हाला आत्ता येतोय तोच. हात साबणानं घासघासून धुतले, तिच्यापुढे धरले, म्हटलं, घे, हुंग, काही येतोय का, नाही ना, मग या साबणाचं असं आहे... गेली. मग मित्र म्हणाला, पक्ष्यांना वरून येणाऱ्या गोष्टीची भीती वाटते, त्यांना ती घार वाटते. मला पटलं! मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर वरूनच वाकत आलोय. म्हणून मी परसात सरळ आडवा पडलो. मातीत. उताणा. आणि आभाळाकडे बघत तिला मोठ्यानं सगळं समजावून सांगत होतो, की घार वेगळी, मी वेगळा, घारीला पंख असतात... बायको धावत आली, तिला वाटलं मी पडलो. मास्तरीण तोवर खुराड्यात शिरून आतल्या कोपऱ्याला तोंड करून उभी.

खरं सांगू? त्या दिवशी मला वाईट वाटलं. हसायचं सोडून द्या, पण ग्रंथपालांच्या मांडीवर ती बसलेली दिसली की मी दारातूनच बघत उभा राहायचो. मनात यायचं, यांच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? प्लंबरकडे काय होतं? तोंडात पाना. ग्रंथपालांकडे काय? हातात पुस्तक. आमची ही वाटाण्याच्या शेंगा सोलत बसते, तिच्या पायाशी तर दोघी कोंबड्या आणि कोंबडा, तिघंही. मी पाना घेऊन बसलो. पुस्तक घेऊन बसलो, तिला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. शेंगा सोलून बघितल्या. काही उपयोग नाही.

आणि मग माझी दाढ दुखायला लागली. हो, माझी. डॉक्टरांच्या दाढा काय लोखंडाच्या असतात? सूनबाईनं, तीही दातांचीच डॉक्टर, ती बघितली आणि म्हणाली, "बाबा, ही काढावी लागेल." मी तिला पकड कशी धरायची ते सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, आ करा," आणि पुढचं मला सांगताच आलं नाही. काढली. मग कापसाचा बोळा ठेवला आणि मी इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांना जे सांगत आलोय तेच मला सांगितलं, "घट्ट दाबून धरा. थुंकायचं नाही. आणि बाबा, अजिबात बोलायचं नाही."

मी घरी आलो, अर्धा चेहरा बधिर, परसात बाकावर जाऊन बसलो. ग्रंथपाल त्या दिवशी आले नव्हते. मी आपला भिंतीकडे बघत होतो. कोंबडीचा विचारसुद्धा मनात नव्हता, दाढेचाच होता. आणि मास्तरीण आली. पेरूमागून निघाली, थांबली, एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. दोन पावलं पुढे. मी श्वास धरला. ती माझ्या बुटावर चढली, तिथून गुडघ्यावर, आणि मांडीवर येऊन, गोल फिरून, बसली. तुम्हाला सांगतो, वजन काहीच नाही हो तिला. नुसती ऊब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाढेमुळे नव्हतं.

आता मला ओरडून सगळ्यांना बोलवायचं होतं. पण तोंडात बोळा! तेवढ्यात बायको खुर्ची घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी ठेवली, बसली. मी डोळ्यांनीच मांडीकडे दाखवलं, बघ, बघ. ती म्हणाली, "बघतेय. अहो, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का? बिचारी किती वेळा तुमच्याकडे यायला निघायची. तुम्ही बोलायला लागायचात, ती परत फिरायची." मी भुवया वर केल्या. म्हणजे, मग हे मला आधी सांगायचं नाही? भुवयांचं तिला बरोबर कळलं. म्हणाली, "सांगणार होते. पण मध्ये शिरायला जागा कुठे असते?"

आता हे मला पटलेलं नाही. माझा धंदाच असा आहे. समोरच्याचं तोंड उघडं, आत नळी, आरसा, माझी बोटं, तो बोलणार कसा? मग प्रश्नही मीच विचारायचा, उत्तरही मीच द्यायचं, गप्पा दोघांच्या आणि कष्ट एकट्याचे. इतकी वर्षं मी लोकांची सोय बघितली, आणि कोंबडी म्हणते... असो. मी हे काहीच बोलू शकलो नाही. आणि बायको बोलायला लागली. तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो. आमच्या खोलीतलं ते मोठं कपाट तिला लग्नापासून आवडत नाही. तिला पोहायला शिकायचंय. मागे मी आजारी पडलो तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती आणि बाहेर येऊन मला म्हणाली होती की कांदा चिरत होते. एकेक ऐकतोय आणि बघतोय तिच्याकडे. ही एवढं बोलते? कधीपासून? मला कारण कळलं पाहिजे म्हणणारा मी, मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि ती मात्र सांगत होती, सांगत होती, आणि मला ते बंद होऊ नये असं वाटत होतं.

दाढेची जखम केव्हाच भरली. पण अजून मी रोज संध्याकाळी दवाखान्यातून घरी गेलो की कापसाचा बोळा दातांत धरतो आणि बाकावर जाऊन बसतो. मास्तरीण मांडीवर येते, बायको खुर्ची आणते, एक झोपते आणि एक बोलते. काल बोलता बोलता बायकोनं मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आता प्रश्न विचारला म्हणजे उत्तर दिलं पाहिजे, नाही का? मी बोळा काढला, घसा खाकरला, म्हटलं, "त्याचं असं आहे..." तर मास्तरणीनं खाडकन डोळे उघडले, बायकोनं उठण्यासाठी खुर्चीच्या दांडीला हात लावला, आणि दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी निमूटपणे बोळा परत तोंडात घातला.