काटकोन सर आणि लाल पेन

...आणि वर बायको विचारते, “डोळ्यांत काय गेलं हो?” आता काय सांगू तिला? छप्पन वर्षांचा माणूस, अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय, पोरं पाठीमागं ‘काटकोन’ म्हणतात, आणि हा काटकोन मुसमुसतोय कशासाठी, तर कादंबरीतला सतरा वर्षांचा पोरगा एकशे ब्याण्णवाव्या पानावर मेला म्हणून! लाज वाटते हो सांगायला!

झालं काय, नववीचा वर्ग, भूमितीचा तास, आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी वहीखाली कादंबरी वाचतेय. घातली झडप! जप्त! आता एवढ्यावर थांबावं की नाही? छे! मी ती वर्गापुढं उंच धरली आणि नाजूक आवाज काढून वाचलं, “तुझ्याशिवाय मला श्वासही घेता येत नाही...” वर म्हणालो, “मग नाक काय चष्मा ठेवायला दिलंय?” वर्ग खदाखदा हसला. ती नाही हसली. मान खाली, कान लाल... लाज वाटते हो सांगायला, पण तेव्हा मला माझा विनोद फार आवडला होता.

मग म्हटलं, कचरा किती कचरा असतो ते बघू. स्टाफरूममध्ये दहा पानं वाचली. बसमध्ये पन्नास... माझा स्टॉप कधी गेला, देवाला ठाऊक! आणि मुख्याध्यापिकाबाई मीटिंगमध्ये ‘शिस्त’ या विषयावर बोलत असताना मी, मी हो, टेबलाखाली पुस्तक धरून वाचत होतो!

शनिवारी जप्त वस्तू परत द्यायचा नियम. दिली. वर ऐटीत दम भरला, “पुन्हा असलं दिसलं तर पालकांना बोलावीन!” ती गेली, आणि मग मला आठवलं. अहो, लाल पेन! अठ्ठावीस वर्षं पेपर तपासतोय, हातात लाल पेन असल्याशिवाय मला वाचताच येत नाही! नायिका म्हणते, ‘तो माझ्यावर कायम प्रेम करील’, शेजारी माझं अक्षर: ‘कशावरून? सिद्ध कर.’ ती न बोलता निघून जाते, समासात मी: ‘अगं, मागं वळून बघ, गाढवे!’ आणि एकशे ब्याण्णवाव्या पानावर नुसतंच ‘नको!’, तेही शाई फुटलेलं...

सोमवारी वर्गात गेलो तर सगळ्यांचे डोळे माझ्या खिशातल्या लाल पेनावर. पुस्तक वर्गभर फिरलेलं, पण एक हसेल तर शपथ! हसले असते तर एक वेळ परवडलं असतं हो! आणि तिसऱ्या बाकावर, उघड्यावर, दुसरा भाग!

“जप्त नाही करणार, सर?” ती हळूच म्हणाली.

तुम्हाला सांगतो, ‘चुकलं बाळा, त्या दिवशी तुला हसायला नको होतं’ एवढं म्हणायचं होतं. घशापर्यंत आलं. पण पोरांची माफी मागायची जिभेला सवयच नाही! तोंडातून निघालं काय?

“एकूण भाग किती आहेत?”

“चार, सर.”

“बरं... सावकाश वाच. तुझं झालं की पकडतो.”