घड्या बसेपर्यंत

हडपसरच्या बसमध्ये शेफाली दांडा धरून उभी होती. खिडकीशी बसलेल्या बाईंनी शेजारच्या सीटवर एक काळा गठ्ठा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. एक जाडजूड काका तिथं येऊन थांबले.

“बाई, या गठ्ठ्याचं तिकीट काढलंय का?”

“काढलंय की. बसायचंय? मग त्याच्यावरच बसा.”

“आहे काय हे?”

“कारखान्यातल्या मशीनचं कव्हर. मशीन सरकलं की हे भात्यासारखं उघडतं, मिटतं. आत लोखंडाचा कीस जात नाही. घरी हातानं घड्या घालते मी.”

“बाजारात तयार मिळतात की.”

“तयारच आणलं होतं त्यांनी. कोपऱ्यात फाटलं. मशीन सकाळपासून बंद हाय, म्हणून मला फोन.”

“आणि मी बसून काय होणार?”

“आत्ताच चिकटवलंय. वजन पडलं की घड्या पक्क्या बसतात. माझे हात कमी पडतायत. तुम्ही चांगले भरलेले दिसताय.”

“आभारी आहे.”

काका बसले.

“मधोमध बसा. हां. आता हलू नका.”

“मला मगरपट्ट्याला उतरायचंय.”

“कव्हर त्याच्या पुढं, गाडीतळाला उतरणार हाय.”

बस थांबली.

“मगरपट्टा! कोण आहे मगरपट्टा?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“अहो कंडक्टर, चला पुढं. इथं कोणी उतरत नाही.”