पेटीतली गाठ

कापड गिरणीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं ऑफिसातल्या धनश्रीच्या कानावर पडत होतं.

“गोपिका, साहेबानं सगळ्यायले नवीन कल्पना मागितल्या होत्या. तू पेटीत काही टाकलंच नाही का वं?”

“टाकलं नं, गोदूबाई. मले लिहिता येत नाही, म्हणून सुताले गाठ मारून तेच पेटीत टाकलं. माहे बाबा उमरेडले हातमागावर मारत, तशी. मंग धागा पुन्हा तुटत नाही.”

“मंग?”

“कोणी बोलावलंच नाही. अन् आता धागा तुटून कापड खराब होते म्हणून उद्यापासून आपलं खातं बंद.”

“आवडली नसन गाठ.”

“पण कोणी पाहिली तं असन नं?”

धनश्रीनं मागे वळून पाहिलं नाही. पेटी उघडली त्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या फाईलला लावून, तळाशी अडकलेला सुताचा तुकडा झटकून तिनंच पेटी साफ केली होती.