अक्कांचे टाळ

माझं मूळ गाव लातूरकडं, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, विशीत कुणाच्या तरी ओळखीनं धुळ्याला आलो, देवपुरात नानांच्या ॲम्प्लिफायरच्या दुकानात. सोल्डर धरायला नानांनी शिकवलं, ताट त्यांच्या बायकोनं, अक्कांनी वाढलं, काय सांगू तुम्हाला, परक्या मुलखात कोण करतं एवढं? पहिल्याच महिन्यात घाबरून पिशवी भरली तर नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, आठेच ऱ्हाय, तुना हात चांगला शे. त्या एका वाक्यावर पंचवीस वर्षं राहिलो.

अक्का भजनी मंडळात टाळ वाजवायच्या. त्यांची एक कॅसेट आहे, मीच भरलेली. अक्का गेल्यापासून नाना रोज सकाळी चहाबरोबर ती लावतात, घरच्या सेटवर, आणि तो सेट माझ्या हातचा, ट्रान्सफॉर्मरसुद्धा मीच गुंडाळलेला. तर एक दिवस नाना म्हणाले, कॅसेट झिजली रे, अक्काचे टाळ मंद झाले. मी ऐकलं तर टाळ होते तसेच होते, मंद झाले होते नानांचे कान. पण ज्यानं कानानं काम करायला शिकवलं त्याला हे सांगायचं कसं? म्हणलं, नाना, कपॅसिटर सुकलाय, बदलतो. आणि बदलताना ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण सूर, जरा चढवला. मग दरवर्षी थोडा थोडा चढवत गेलो, गुपचूप. पाहुणे कान दाबायचे, नाना खूश.

मग आली मयूरी, नानांच्या लेकीची लेक, जळगावला इंजिनिअरिंग शिकलेली. लॅपटॉप, माईक, आणि आवाज हवा तसा वळवणारी एक डबी, म्हणे डिजिटल प्रोसेसर. नानांनी तिला बसायला माझा स्टूल दिला, खरं सांगतो, मला नाही खपलं. तिनं सेटमधून सूं आवाज सोडला, माईकनं ऐकला, पडद्यावर रेघ सरळ गेली न् शेवटाला, ट्रेबलपाशी, डोंगरासारखी चढली. म्हणाली, मामा, सेट बनवला का कांदा चिरला? डोळ्यातून पाणी काढतोय! नाना माझ्याकडं बघत राहिले. खरं कारण सांगितलं तर माझी अब्रू राहत होती आणि नानांची जात होती. म्हणलं, चुकलं माझं.

तिनं रेघ सपाट केली. खोटं का बोलू, इतका स्वच्छ आवाज मला कधी जमला नाही, तेच जास्त झोंबलं. नानांनी कॅसेट लावली, कप हातात तसाच राहिला, म्हणाले, अक्काना टाळ कोठे गयात? पाप लागो, पण मला बरं वाटलं. मयूरीनं नानांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पोरगी हुशार, समजली. म्हणाली, थांबा आजोबा, माझीच एक सेटिंग राहिली. आणि बोटानं डोंगर पुन्हा उभा केला. मला ज्याला इतकी वर्षं लागली ते तिनं चहा निवायच्या आत केलं. नाना हसले, आते बठ्ठं ऐकू येस, पोरी, तुना हात चांगला शे.

तुना हात. ते वाक्य माझं होतं हो.

आता सेटला तिची डबी आहे, ट्रेबल चढवणारा माझा टोनचा बोर्ड खणात पडलाय. जळतं अजून, लपवत नाही. पण तिनं कुणापाशी तोंड उघडलं नाही, नानांच्या घरी माझं ताट आहे तसं आहे. महिन्यातनं एकदा जळगावहून येते, हळूच विचारते, मामा, किती वाढवू? नानांचा कान किती उतरला ते तिच्या माईकला कळत नाही, मला कळतं. मी म्हणतो, जरा अजून. सुखी राहो पोरगी. स्टूल मात्र ती यायच्या आधी मीच धरून बसतो.