उशाला घेतलेला फ्रान्स

हसू नका! आदी ऐकून घ्या, मग हसा… अजून मी तोंड बी उघडलं न्हाई आन् ह्यो पोत्यावर बसल्याला बुद्धभूषण खिदळायला लागला! ह्यानंच तर माजं वाटोळं झालंय, मंडळी. जालिंदर आज्जा बोलला म्हंजे चेष्टाच असणार, असं अख्ख्या सांगलीनं ठरवून टाकलंय. पर आज खरं सांगतो. आतनं लय टोचतंय म्हणून सांगतो.

माजी नात प्रियदर्शनी तुमाला ठावं हाय, पाचगणीच्या शाळंत पोरास्नी चित्रं काढायला शिकवती. लगीन ठरलं सातारच्या राजरत्नसंगं. आन् पोरगी म्हणाली, "आज्जा, लग्न फ्रेंच पद्धतीनं करायचं." मी म्हणलं, म्हंजे कसं? बसून का उभ्यानं? तर तिनं परदेशी मासिकातलं एक गुळगुळीत पान काढलं. त्यात मांडव कसा? ना लाल, ना हिरवा, ना झिरमिळ्या, ना मोर! सगळं फिक्कट, आन् कापड असं झिरझिरीत की फुंकर मारली तर शेजारच्या गल्लीत जाईल. म्हणाली, "रंग दिसला न दिसला असा पाहिजे, आज्जा. सायीत गुलाबाची पाकळी पडल्यासारखा."

आता मी चाळीस वर्सं मार्केट यार्डात हळदीची पोती उचलल्याली, मी खाकरलो तरी पिवळं निघतंय, मला कुठला गुलाब आन् कुठली साय! पर पांढऱ्या-फिक्कट्याचं मला काय वावडं? आमच्या बौद्धांत नवरी पांढऱ्या साडीतच उभी ऱ्हाती. फ्रान्सवाल्यांनी ते आमच्याकडनंच नेलं असंल, काय सांगावं! तिचा बाप वरडला, "मांडव घालायचाय का धुणं वाळत घालायचंय?" सगळं घर एका बाजूला, आन् मी एकटा पोरीच्या बाजूनं.

म्हणून तर तिनं इचलकरंजीचे मलमलीचे तीन तागे माज्या हातात दिले. "मिरजेच्या रंगाऱ्याकडं न्या, हे पान दाखवा. आज्जा, फक्त तुमच्यावर विश्वास आहे." फक्त! तुमच्यावर! ऐकलंसा न्हवं?

खरं सांगतो, उद्याच नेणार हुतो. पर उद्या हळदीचं सौदं निघालं, परवा लय उकडलं… आन् दुपारी पोत्यांवर जरा आडवं व्हायचं तर डोक्याखाली काय घ्यायचं? तागे मऊ! एक उशाला घेतला. पोती टोचत्यात म्हणून एक अंगाखाली पसरला. माशा लागत्यात म्हणून एक अंगावर वढला. आठ दिस, मंडळी, आठ दिस मी फ्रान्स पांघरून घोरलो! नवव्या दिवशी बघतो तर पिवळंधम्मक! आन् मधोमध माज्या टकलाचा तेलकट छाप… असा गोल, सरकारी शिक्का मारल्यागत.

घेतलं बोचकं आन् गाठला कृष्णेचा घाट. आन् घाबऱ्या घाबऱ्या साबण लावला. हळदीला साबण लावल्यावर काय हुतंय हे सांगलीतल्या रांगत्या पोराला बी ठावं हाय. मला न्हवतं व्हय ठावं? पर माणूस घाबरला की… लाल! लालभडक! पल्याडनं धुणं धुणारी बाई किंचाळली, "आवं आज्जा, कुणाचा मुडदा पाडलासा?"

मग काय, चार दिस खळखळून धुतलं, आपटलं, चैताच्या उन्हात नदीच्या वाळवंटात पसरलं. लाल गेला, पिवळा उडाला, आन् जे मागं उरलं त्याला नावच न्हाई बघा… कुठं सायीगत, कुठं घडीपाशी जरा गुलाबी. मी पोरीला म्हणलं, "रंगाऱ्यानं जीव वतलाय. म्हणला, ह्यो रंग फ्रान्सचाच." तिनं ते कापड गालाला लावलं. गालाला! जिथं माजं टक्कल… जाऊ द्या.

लग्नात वंदना झाली, हार पडले. पाचगणीच्या शाळंच्या मोठ्या बाई, सोता प्यारिस बघून आल्याल्या, मांडवाखाली थबकल्या. "हा रंग मी फक्त तिथंच पाहिला होता, संध्याकाळी, जुन्या भिंतींवर." मी मनात म्हणलं, बाई, त्या भिंतींला बी कुणीतरी टेकून झोपत असंल!

तवर पोरीनं माईक घेतला. "सगळे हसत होते. एकट्या आज्जानं माझं स्वप्न जपलं." डोळ्यांत पाणी तिच्या. उठलो, माईक घेतला. "पोरी, खरं सांगतो, न्हाई जपलं. झोपलो मी त्याच्यावर…" हळद, साबण, टक्कल, सगळं वकलं. आन् मांडव फुटला की हो हसून! भन्तेजी हसले! नवरा खुर्चीवरनं घसरला! का? तर ह्याच तोंडानं मी शिराळ्याच्या नागपंचमीला टोपलीत सायकलची ट्यूब घालून, नाग हाय म्हणून, मेव्हण्याला कोसभर पळवला हुता! माजा कबुलीजबाब व्हिडिओच्या कॅसेटीत हाय. पावणे आले की लावत्यात, आन् मागं घिऊन पुन्हा लावत्यात.

गेल्या ऐतवारी सातारला गेलो. पोरीनं त्याच कापडाचे पडदे केल्याले. तिची सासू रंगूबाई आळीतल्या बायका जमवून सांगतीया, "आमच्या सूनबाईच्या आज्जानं फ्रान्सचा रंग आणिवला." आन् प्रियदर्शनीनं मला हळूच मोरीपाशी नेलं. बादलीत पडदा… लाल! "आज्जा," ती म्हणाली, "साबण लावला. तुम्ही त्या दिवशी खरं बोलत होतात?"

सुटायला दार उघडं हुतं बघा. नुसतं 'व्हय' म्हणायचं, सुटलो! तवर मागनं रंगूबाई, "काय झालं गं?" मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं, आन् म्हणलं, "खुळी का काय! चेष्टा केली हुती ती. फ्रान्सच्या रंगाला आपला साबण चालत न्हाई, नुसत्या पाण्यात धुवायचं." पोरगी हसली… पर कशी हसली, ते मला अजून उलगडलं न्हाई.

आन् रंगूबाईच्या धाकट्या लेकीचं लगीन ठरलंय. तिला बी फ्रान्सच पायजे. निघताना सहा तागे माज्या डोक्यावर दिले. ते बघा, तिकडं पोत्यांवर पसरल्यात.

चला, दुपार झाली, जायाला पायजे. काम हाय, टाळून कसं चालंल? पर खरं सांगतो, आता त्या ताग्यांवर पडलं तरी डोळ्याला डोळा लागत न्हाई…

हसलासा न्हवं? हसा!