गुंजेचे डोळे

— ‘मातीच्या बैलाचे डोळे पुरुषानंच बसवायचे, अन् काऊन ते विचारायचं नाही.’ झालं सांगून, वामनकाका? परकर नेसायची तेव्हापासून ऐकून राह्यली मी हे. आता नागपूरच्या कॉलेजातून शिकून आली, तरी तुम्ही तेच सांगता, अन् वरून हात पुढं करता — गुंजेची डबी दे म्हणून. थांबा जरा. बसा. उद्या पोळा आहे, मारुतीच्या पारावर मातीचं गाव मांडायचं आहे, मले माहीत आहे. विहीर झाली, मोट झाली, बसायची दमणी झाली, बैल वाळले. डोळेच तेवढे राह्यले. पण हे बैल केले कोणी, ते तर बोला!

तुम्हीच निरोप धाडला होता न मले — पोट्टे येत नाही, हे मातीचं काम आमच्यासंगंच जाईल, तू शिकलेली आहेस, काही कर. केलं. सारं धामणगाव दारोदार फिरली. पोट्टे आले, माती तुडवेपर्यंत राह्यले, मंग एकानं नांदुऱ्याच्या बाजारातून चावीची मोटर आणली अन् सारे तिच्या मागं पळाले. राह्यलं कोण? पोरी. ही झुंबर रोज आली — घरचं शेण काढून, भाकरी थापून. खऱ्या बैलाच्या डोळ्यातली घाण ती पदरानं पुसते, तो बैल बाटत नाही. अन् मातीच्या बैलाले तिनं गुंज लावली की बाटते? असं कसं हो? — काय म्हणता? तुम्ही स्वतः बसवता? नका, काका! मागच्या साली तुम्ही बसवलेले डोळे आठवतात न? बैल कसला, मारायले धावल्यासारखा दिसे. लेकरं पारावरून उठून पळाली.

हाव, या खाटेवर बसलेल्या बाबांचे बैल वेगळे. मी कुठं नाही म्हणते? हा एक जुना पोरींसमोर नमुन्याले ठेवलाच आहे. बाबांच्या नावानं ‘उकंडरावची नजर’ म्हणे सारं गाव. डिप्टी साहेब दौऱ्यावर आला, तर बैल हातात धरून उभाच राह्यला. गुंजेचा काळा ठिपका जरा खाली घ्यावा लागते, इतकंच — मंग बैल दिवसभर राबून घरी आल्यासारखा पाहते. आईले ते बरोबर जमे — म्हणजे, बाबांले. बाबांले जमे. — काऊन पाहता असे माझ्याकडं?

बरं. निघालं तोंडातून तर निघालं. आईनं शपथ घातली होती, बाबा, पण ती तर गेली, अन् तुम्ही समोर बसूनही मुकेच. मोतीबिंदू झाल्यावर तुम्हाले ताटातली भाकर दिसत नव्हती, गुंज कुठून दिसणार? आई बसवे डोळे. चुलीपाशी बसून, दार लोटून. रात्री माझ्या आईनं, गोजरबाईनं बसवलेले डोळे, अन् सकाळी तुम्ही पागोटं बांधून बैल पारावर नेत. याच वामनकाकानं त्यांच्यापुढं नारळ फोडला, हात जोडले. कोणता बैल बाटला, काका? कोणत्या साली तोरण तुटून पोळा फुटला नाही, सांगा न!

नाही. डबी देत नाही. हात मागं घ्या. डोळे या पोरीच बसवतील, नाही तर उद्या सारे बैल पारावर आंधळेच उभे राहतील, अन् पुढच्या साली माती तुडवायलेही कोणी येणार नाही — मंग तुमचा नेम तुम्हीच मांडा पारावर. ये, झुंबर. हात पूस. घाबरू नको, कोणी काही करत नाही. ठिपका जरा खाली. अजून जरासा. हां.

— पाहा न आता, काका. — बाबा, काय चाचपून राह्यले? तो नमुन्याचा बैल आहे. हाव — आईचाच.